दमणारं इंजिन

आमच्या घरी भिंतीवर चावीचं घड्याळ होतं, पण त्याच्याकडे बघून आयने कधी तवा ठेवल्याचं मला आठवत नाही. वेळ ती विचारायची बाबाच्या इंजिनाला. आषाढात खाचरांत पाणी साठलं की बाबा पॉवर टिलर घेऊन चिखलणीला जायचा. पुढे इंजिन, खाली माती घुसळणारी पाती आणि मागे दोन लांब दांडे; ते दांडे धरून माणसाने चिखलातून मागोमाग चालायचं. शेत घरापासून दोन हाकांवर. आय चुलीपुढे बसून कान तिकडे लावायची. आवाज भरदार लागला म्हणजे काम सरळ चाललंय, मधेच दमला म्हणजे पाती गाळात खोल गेली, आणि बारीक होऊन टुकटुक करायला लागला म्हणजे बाबा वळतोय. "चवथा वलन झायला," असं स्वतःशीच म्हणत ती परात पुढे ओढायची आणि उकड मळायला घ्यायची. बाबा पायरीवर पाय धुवेपर्यंत तव्यावर तांदळाची भाकरी फुगलेली असायची, बरोबर सुकटीची चटणी नाहीतर वालाचं आंबट. आता मी मुलाकडे राहते, घोडबंदर रोडला, बाविसाव्या मजल्यावर. मायक्रोवेव्ह टुंटुं करतो आणि सून हाक मारते, आई, जेवण गरम झालं. काय वाईट आहे त्यात? जेवण गरमच असतं. पण कोणाच्या तरी येण्याची चाहूल घेत ते शिजलेलं नसतं, एवढं म्हातारीने म्हटलं तर चालतं.

बापाला मी "बाबा आला, बाबा गेला" म्हणते ते ऐकून सून अजून दचकते. आमच्या आगरी घरांत बापाला अरे-तुरेच करतात, आणि त्याने बापाचा मान तसूभर कमी होत नाही. माझ्या बापाचा तर नव्हताच होत. शीळफाट्यावरून डोंबिवलीकडे येताना आमचं गाव, आणि आजूबाजूच्या चार गावांत टिलर एकट्या धर्मादादाकडे, म्हणजे माझ्या बाबाकडे. इंजिन पिवळं, आडवं, एका सिलिंडरचं. कंपनीचं नाव कोणी घेत नसे, सगळे त्याला "पिवला" म्हणत. त्याच्या डोक्यावर पाण्याची उघडी टाकी होती, इंजिन थंड ठेवायला. दुपारपर्यंत ते पाणी उकळायला लागायचं आणि आमचा शेजारी हसुकाका त्यात फडक्यात बांधून अंडी उकडायचा. पिवळ्याचं वय झालेलं. गाळात दमायचं, चढाला दमायचं, आणि बांधाजवळची कडक माती पात्यांना लागली की म्हाताऱ्यासारखं खोकायचं. बाबाची ख्याती अशी, की बांधाला वीतभर अंतर उरलं की टिलर वळलाच म्हणून समजा. बांधाचं ढेकूळ कधी पडलं नाही. लोक उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, धर्माच्या पायांना डोळे आहेत.

स्वभावाने मात्र तापट. तांब्या ठेवल्या जागेवरून जरा सरकला तरी घर डोक्यावर घ्यायचा. खराटा दाराच्या डाव्या कोपऱ्यात, पाट भिंतीला, माझ्या चपला पायरीखाली. इकडचं तिकडे झालं की मेलोच आम्ही. रस्त्यात कोणी बाजूने हात केला तर बघायचा नाही, आणि हाक मारली तर अख्खी मान वळवून बघायचा. त्यावरून गावात म्हणायचे, टिलरचा माज आलाय. संध्याकाळच्या हळदीला जाणं त्याने सोडलं, म्हणाला, मना त्या बँजोचा गोंगाट सोसत नाय. बांधावरून जाताना मला पुढे घालायचा. "तू फुरं चाल बाय, मी मागशी येतंय." भाऊ नव्हता मला, थोरली बहीण लग्न होऊन गेलेली. मला वाटायचं, बाबाचा माझ्यावर केवढा जीव, मी सतत नजरेसमोर राहावं म्हणून पुढे ठेवतो. कसला बावळट हिशोब तो. पण एकोणिसाव्या वर्षी जीव असलाच की माणूस असाच हिशोब मांडतं.

हसुकाकाचं खाचर आमच्या खाचराला लागून, मध्ये एकच बांध. दोघं एका वयाचे, एकाच दिवशी शाळेतून हाकललेले. दरवर्षी हसुकाका कुदळीने बांध साफ करायचा आणि दरवर्षी बाबा ओरडायचा, "हसू, बांध कोरतंस तू, एक दिवस माज्या चुलीपर्यंत येशील." हसुकाका म्हणायचा, "येन ना. तुजी बायको भाकरी चांगली करते." बांध कोरण्यावरून आमच्याकडे डोकी फुटलेली आहेत, कोर्टात पिढ्या गेलेल्या आहेत, ह्या दोघांनी त्याचा खेळ केलेला. खाडीच्या चिखलात निवट्या मासे मिळाले की आय त्यांचं लालभडक कालवण करायची आणि हसुकाकाची थाळी न सांगता मांडली जायची. दोघं समोरासमोर बसायचे. शेजारी बसलेले मी त्यांना कधी पाहिले नाहीत, आणि तेही मला पुढे कधीतरी आठवलं.

पिवळा गेला तो माझ्या हाताने गेला, हे आधी सांगून टाकते. बाबा विहिरीवर गेला होता, इंजिन चालू होतं आणि टाकीतलं पाणी आटून खडखडीत झालेलं माझ्या लक्षात आलं. मी धावत जाऊन विहिरीचं गार पाणी कळशीने भसकन ओतलं. टण् असा आवाज झाला. मोठा नाही, काशाची वाटी दगडावर पडावी एवढाच. मग बाजूने पाणी पाझरायला लागलं. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडून ब्लॉकला चीर गेली होती. मी मारच खाणार म्हणून उभी. तांब्यावरून घर डोक्यावर घेणारा माणूस त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. आला, इंजिनावर तळवा ठेवला आणि पाणी कुठून येतंय ते बोटाने चाचपत राहिला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून मग ते निस्तरायचं मी अंगावर घेतलं. मुंब्र्याचे इब्राहिम मिस्त्री शीळफाट्याला वर्कशॉप चालवायचे, बाबाचे जुने ओळखीचे. त्यांनी पिवळ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "याचा ब्लॉक मिळणार नाही बेटी. कंपनीनेच हे मॉडेल सोडून दिलं." मग ते मला आतल्या बाजूला घेऊन गेले. तिथे एक हिरवं इंजिन होतं, दुसऱ्याच कंपनीचं, पाण्याच्या पंपावरून काढलेलं, हवेवर थंड होणारं. पाणीच नाही म्हणजे माझ्यासारख्या शहाणीला ओतायलाही काही नाही. ताकदीला पिवळ्याच्या दीडपट. "बसेल का?" मी विचारलं. "बसणार नाही, बसवावं लागेल," मिस्त्री म्हणाले.

आठ दिवस मी वर्कशॉपला जात होते. डब्यात भाकरी आणि कांदा. नव्या इंजिनाच्या पायांची भोकं टिलरच्या सांगाड्याला कुठे जुळत नव्हती, म्हणून जाड पत्र्याची प्लेट कापली, तिला दोन्हीकडची भोकं पाडली. इंजिन दोन बोटं उंच बसलं, तर पट्टे तिरके जायला लागले. मिस्त्री एका पुलीपासून दुसऱ्या पुलीपर्यंत सूत ताणून दाखवायचे: "सूत दोन्हीकडे सारखं टेकलं पाहिजे, नाहीतर पट्टा रोज तुटेल." खाली लोखंडाच्या चकत्या सरकवत, काढत, पुन्हा सरकवत मी ते सूत टेकवलं. कपाळाला ग्रीस, नखं काळी. येणारे-जाणारे ट्रकवाले थांबून बघायचे, आणि गावातल्या बायकांनी तर मला सोडलंच नाही. "नवऱ्याचे पन बोल्ट असंच आवलशील गो?" मी म्हणायची, "आधी सूत लावून बघेन, तिरका असला तर घेणारच नाय." एका गोष्टीत मात्र मी मिस्त्रींचं ऐकलं नाही. ते म्हणाले, हे इंजिन जास्त फिरतं, याला लहान पुली लाव, म्हणजे टिलर जुन्या चालीने चालेल. मी म्हटलं, राहू द्या चाचा, जुनीच पुली ठेवू, पटापट चालेल, बाबाचा वेळ वाचेल. बाबाचा वेळ वाचवायला निघालेली मी.

अंगणात पहिल्यांदा चालू केलं तेव्हा आवाज ऐकून कोंबड्या उडाल्या. ठणठणीत, मोठा, आणि एकसारखा. वरखाली काही नाही. आय दारात येऊन उभी राहिली, थोडं ऐकलं आणि आत गेली. बाबा दांड्यावर हात ठेवून खाली मान घालून ऐकत होता. "गालात बी असाच वाजल?" त्याने गाळाचं विचारलं. "असाच," मी फुशारकीने म्हणाले. "कितीबी खोल जाऊ दे, दमायचा नाय. बांधाची माती लागली तरी कलायचा नाय." तो "हं" म्हणाला. त्या "हं"चा अर्थ समजायला मला फार उशीर झाला.

आमच्याकडे रीत होती. औत नवं असलं, मग ते लाकडाचं असो नाहीतर लोखंडाचं, त्याचा पहिला फेरा घरच्या कर्त्याने मारायचा आणि तोही बांधावर चार माणसं असताना. मी इंजिनाला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आयने नारळ दिला. हसुकाका अलीकडच्या बांधावर गूळखोबरं घ्यायला सगळ्यांच्या आधी हजर. बाबा म्हणाला, "बाय, तूच मार फेरा. तुज्या हातचा काम हाय." मला वाटलं, लेकीचं कौतुक करतोय. मी म्हटलं, "असा कुठं असतंय काय? लोक मना हसतील. चल, लाजतंस काय?" तो तरी जागचा हलेना. तेव्हा हसुकाका बांधावरून म्हणाला, "धर्मा, पोरीच्या इंजिनाला घाबरलास काय रे?" सगळे हसले, मीही हसले. बाबाने एकदा आमच्याकडे अख्खी मान वळवून पाहिलं आणि दांडे धरले.

त्याच्या मागे मी चिखलात उभी होते, पण खरं सांगायचं तर मी त्याला बघतच नव्हते. मी माझं इंजिन बघत होते. पट्टे सरळ पळत होते, प्लेट थरथरत नव्हती, धूर स्वच्छ होता. टिलर पिवळ्यापेक्षा जोरात ओढत होता आणि बाबाची पावलं नेहमीपेक्षा लांब पडत होती. समोर हसुकाकाकडचा मधला बांध आला. मला वाटलं, वळेल, वीतभर उरलं की वळेल, त्याची ती खोडच आहे. इंजिनाचा आवाज जराही बदलला नाही. पाती बांधावर चढली, पावसाने मऊ झालेली माती भसाभसा उडाली, आणि बाबा पलीकडे हसुकाकाच्या राबात उतरला. वीतभर वाढलेली भाताची हिरवीगार रोपं, आठवड्यात उपटून लावायची, अख्ख्या वर्षाचं जेवण. मी ओरडले, बांधावरचे सगळे ओरडले, पण त्या इंजिनाच्या ठणठणाटात कोणाचंच ऐकू गेलं नाही. दहा-बारा पावलं तो तसाच गेला. मग पायाखाली रोप लागलं असावं, कारण त्याने एकदम क्लच ओढला आणि जागीच उभा राहिला.

मी पळत जाऊन इंजिन बंद केलं. तो सरळ समोर बघत होता. मी त्याच्या उजव्या बाजूला, खांद्याला खांदा लागेल एवढी जवळ होते, आणि त्याचे डोळे माझ्याकडे आले नाहीत. हलक्या आवाजात, जणू वाट विचारावी तसं त्याने विचारलं, "बाय, हा कोनाचा शेत?"

तांब्या, खराटा, वळणारी मान, मला पुढे चालवणं, सगळं एकदम समोर उभं राहिलं. माझ्या बापाला समोरचं तेवढं दिसत होतं, बाजूचं नाही, खालचं नाही. "हसुकाकाचा राब हाय, बाबा," मी म्हणाले. तोवर हसुकाका धावत आला. रागावलेला नव्हता तो, घाबरलेला होता. "काय झायला रे धर्मा? सुटला काय हातातून?" एवढंच तर म्हणायचं होतं, हो, सुटलं. पण हातातून टिलर सुटणं हे बाबाच्या तोंडून निघणारं नव्हतं, आणि तसं म्हटलं असतं तर उद्या कोणीतरी विचारलं असतं, कसा सुटला. मी तोंड उघडलं. बाबाने माझं मनगट असं आवळलं की हाड दुखलं. "सुटला नाय," तो मोठ्याने म्हणाला, बांधावरच्यांनाही ऐकू जाईल असं. "मुद्दाम घातला. दरसाल बांध कोरतंस तू. आज मी कोरला."

कोणीतरी हसायला गेलं आणि अर्ध्यावर थांबलं. हसुकाका त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, खेळ कुठे आहे ते शोधत. "मस्करी कर धर्मा, पन रोपावर नको करू." बाबा म्हणाला, "मस्करी नाय." हसुकाका खाली वाकला, चिरडलेली मूठभर रोपं उचलली आणि परत चिखलात ठेवली. "तुज्या घरचा पानी आता मना नको," म्हणाला, आणि गेला. गूळखोबरं सगळं तसंच ताटात राहिलं.

घरी आल्यावर बाबा गोठ्यात जाऊन पिवळ्याजवळ बसला. मी शेजारी बसले आणि कधीपासून ते विचारलं. तीन पावसाळे झाले म्हणाला. कल्याणला डोळ्यांच्या शिबिराला कोणालाही न सांगता गेला होता, तर त्यांनी समोर अक्षरं धरली आणि ती त्याने सगळी वाचली. नजर चांगली आहे म्हणून त्याला परत पाठवला. बाजूचं कोणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. "मंग शेत कसा करायचास?" मी विचारलं. त्याने पिवळ्याच्या अंगावरून हात फिरवला. "ह्यो सांगायचा ना मना. गाल लागला का दमायचा, बांध आयला का खोकायचा. मी पावला मोजायचो न् ह्याचा ऐकायचो." मग थोडं थांबून म्हणाला, "तुजा इंजिन चांगला हाय गो. लय चांगला हाय. पन तो बोलत नाय." मला रडू आवरेना. मी म्हटलं, मी आत्ता जाते, हसुकाकाला सांगते. तर त्याने मला शपथ घातली, माझं मेलेलं तोंड बघशील. "आंधल्याची पोर कोन करल? वाईट मानसाची पोर करतात लोक. तू गप रव."

माझ्या लग्नासाठी त्याने गावात वाईट व्हायचं ठरवलं, आणि मी गप्प राहिले. ते बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. कधी वाटतं, लेकीने बापाचं ऐकलं; कधी वाटतं, भेकड होते मी, मलाही ते लग्न हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबाने आमच्या राबातली रोपं उपटवली, निम्म्याहून जास्त, त्यांच्या जुड्या बांधल्या आणि मी त्या हसुकाकाच्या बांधावर नेऊन ठेवल्या. हसुकाकाने त्यांना हात लावला नाही. चार दिवसांत त्या पिवळ्या पडून वाळल्या. त्याने नात्यातल्या कोणाकडून तरी रोप मागून आणलं आणि आमची दोघांचीही खाचरं त्या साली अर्धी पडीक राहिली. मी इब्राहिम मिस्त्रींच्या हातापाया पडले, की चाचा, पिवळ्याची चीर सांधा, जुनंच परत बसवायचं आहे. ते म्हणाले, टिकणार नाही. तरी त्यांनी घरी येऊन गोठ्यात ती चीर वेल्डिंग करून भरली आणि हँडल मारलं. पिवळा लागला. खोकला, दमला, पुन्हा उठला, अगदी तसाच. आय आतून उकडीच्या हातांनी पळत बाहेर आली. बाबा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होता. दोन मिनिटं चाललं असेल. मग चीर पुन्हा उघडली, पाणी तेलात उतरलं आणि ते कायमचं बंद पडलं. आय हात तसेच धरून उभी होती. बाबाचं ताट तिने आधीपासूनच नाकासमोर का मांडलं, कालवणाची वाटी बाजूला न ठेवता ताटातच का ठेवली, हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि आता ती नाही.

पुढची तीन वर्षं, माझं लग्न होईपर्यंत, टिलर मी चालवला. लहान पुली लावून. बाबा दांड्यांना पुन्हा शिवला नाही. गावात सांगायचा, पोरीला आवड आहे. रोज येऊन बांधावर बसायचा आणि मी वळले की विचारायचा, वीतभर राहिला काय? मी हो म्हणायची, कधी हातभर राहिलेलं असायचं तरी. मग मी कल्याणला सासरी आले, हळूहळू त्याचं समोरचंही गेलं, तेव्हा गावाला म्हातारपणाचं कारण पुरलं. तो गेला त्या दिवशी हसुकाकाची बायको आली, पोरं आली. हसुकाका आला नाही. खाचरं कधीच गेली. आता तिथे टॉवर उभे आहेत आणि बांध कुठून जात होता ते मलाही दाखवता येणार नाही.

हे सगळं मी लिहायला घेतलं त्याला कारण घडलं. गेल्या वर्षी माझ्याकडून टेबलावरचे पेले पडायला लागले, उजव्या बाजूचे. मुलगा ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. एका पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं आणि कडेला बारीक ठिपके दिसतात का ते विचारलं. बाबाला जे कोणी विचारलं नाही ते मला विचारायला आता यंत्र आहे. काचबिंदू निघाला. पोरगीच होती डॉक्टर, गोड बोलायची. म्हणाली, आजी, गेलेलं परत येत नाही, पण वेळेत आलात, थेंब घातले की आहे ते राहील. मग तिने विचारलं, "घरात कोणाला होता का? वडिलांना?" आणि मी म्हटलं, "नाही." विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं. शपथ घालणाऱ्याला जाऊन वीस वर्षं झाली, माझं लग्न होऊन नातवंडं झाली, तरी मनगट आवळलेलंच होतं.

पंधरा दिवस ते "नाही" मला जेवू देईना. मग एक दिवस मुलाला डॉक्टरला फोन करून खरं सांगायला लावलं आणि मी रिक्षा करून ठाकुर्लीला गेले. हसुकाका तिथे नातवाकडे राहतो, चौथ्या मजल्यावर. नव्वदीला टेकलाय, दात नाहीत, पण डोळे खणखणीत. मला बघून ओळखलं, बस म्हणाला, आणि एवढ्या वर्षांनी मी आमच्या घरची म्हणून पाणी मागू की नको, अशी माझी पंचाईत. मी मागितलं नाही. सगळं सांगितलं. इंजिन, पुली, तो हलका आवाज, हा कोनाचा शेत. मनगटसुद्धा सांगितलं.

तो टीव्हीकडे बघत बसला. टीव्ही बंद होता. "मी त्याच्या मयताला गेलो नाय," म्हणाला. मी म्हटलं, माहीत आहे काका. "मीच बोललो त्याला, इंजिनाला घाबरलास काय." मी म्हटलं, मीही बोलले. मग त्याचा चेहरा असा झाला की मला खाली बघावं लागलं. "सांगला असता तं मी बांधावर उबा राहिलो असतो. हाका मारल्या असत्या, धर्मा बांध आला, धर्मा वल. मना काय दुसरा काम व्हता?" त्यानेच उठून माठातलं पाणी आणलं, मला दिलं, उरलेलं त्याच पेल्यातून स्वतः प्यायला.

निघताना दारात मी सवयीने उजव्या हाताने चौकट चाचपली. त्याने ते पाहिलं. "तुना बी?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "हो, पण औषध आहे. थेंब घालते." त्याने काठी घेतली, चपला घातल्या आणि नातसून नको नको म्हणत असताना माझ्याबरोबर बाहेर आला. माझा कोपर धरला. "उजव्या हाताला कुंडी हाय, बाय. आता सरल. इकरं पायरी हाय, बारकी." कुंडी मला दिसत होती, पायरीही दिसत होती. मी तसं बोलले नाही. लिफ्टपर्यंत तो सांगत राहिला आणि मी त्याचं ऐकून पाऊल टाकत राहिले.